सात वर्षांच्या मुलाला टिक्स (नकळत, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज) आहेत. गोळ्यांवरून घरात रोज वाद होतात, सासूबाई म्हणतात मुद्दाम करतो. काय करावं?

तुमचं 'मुद्दाम करतो' वाचलं आणि राहवेना.

आमचा मुलगा आठ वर्षांचा असताना आधी डोळे मिचकावायचा, मग मान झटकायला लागला, मग घशातून 'हं-हं'. कोथरूडला नणंदेकडे जेवायला गेलो होतो. वरण वाढता वाढता त्या म्हणाल्या, "लाडावलाय. एक ठेवून द्या, थांबेल." ह्यांनी तिथेच त्याला सांगितलं, आठवडाभर केलं नाहीस तर सायकल.

पोरानं जिवाचा आटापिटा केला. शाळेत दिवसभर दाबून धरायचा. बाई म्हणाल्या, वर्गात काहीच करत नाही. संध्याकाळी घरात आला की दप्तरासकट सोफ्यावर पडायचा आणि अर्धा तास मान, खांदे, घसा, सगळं एकदम. गुरुवारी रात्री त्याची मान शेकत होते तेव्हा म्हणाला, "आई, शिंक अडकते ना, तसं मानेत होतं." शाळेत थांबवतो म्हणजे घरी मुद्दाम करतो, हा नणंदेचा हिशोब आजही कायम आहे. ताई, शिंक तुम्हीसुद्धा क्षणभर दाबता!

ताणामुळे टिक्सचा आजार होत नाही, पण असलेल्या वाढतात. नदीपात्रात ढोलपथकाचा सराव ऐकायला गेलो की आनंदानंही वाढायच्या. आम्ही दोघं भांडलो की त्याच रात्री मान सुरू.

हे गोळीच्या बाजूचे, मी थेरपीच्या. सीबीआयटी या टिक्ससाठीच्या वर्तन-थेरपीत ती शिंकेसारखी जाणीव ओळखून उलट हालचाल करायला शिकवतात. मानेसाठी हनुवटी किंचित खाली घेऊन मान ताठ धरायची. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवर तिची चाचणी झाली, ज्यांना ही थेरपी मिळाली त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना १० आठवड्यांत स्पष्ट फरक पडला. मुलाचं काही अडत नसेल तर नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. बहुतेकांच्या टिक्स दहा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त असतात, पुढे ओसरतात.

मात्र मान दुखत असेल, शाळा अडत असेल आणि थेरपी पुरत नसेल तर गोळीला हट्टानं नाही म्हणू नका. मी म्हटलं होतं, ते चुकलं. क्लोनिडीननं झोप येते, रिस्पेरिडोननं वजन वाढू शकतं, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) किंवा ओसीडी (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती) सोबत असेल तर कधी कधी आधी तेच हाताळावं लागतं.

आणि मुलाला विचारा. आमचा म्हणाला, डोळ्यांचं मला काही वाटत नाही, फक्त वही लिहिताना मान दुखते. मग मानेवरच काम केलं. सायकल त्याच शनिवारी आणली, अट न घालता.