जीएनएम की बीएस्सी नर्सिंग?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली असून तिला नर्सिंगला जायचे आहे. नात्यातल्या एक सिस्टर म्हणतात, जीएनएमच्या मुली कामाला वाघ असतात, बीएस्सीच्या नुसत्या वह्या भरतात. अभ्यासक्रमाने वृत्तीत खरोखर इतका फरक पडतो का? – एक पालक, सातारा

उत्तर : फरक पडतो, पण असा सरसकट नव्हे. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) ३ वर्षांचे आणि बीएस्सी ही पदवी ४ वर्षांची असली, तरी राज्य परिचर्या परिषदेकडे दोघींचीही नोंदणी परिचारिका व प्रसाविका म्हणूनच होते. रुग्णालयाला जोडलेल्या अनेक जीएनएम शाळांमध्ये मनुष्यबळ अपुरे असल्याने विद्यार्थिनींवर वॉर्डाचे काम लवकर पडते. त्यामुळे हात चटकन बसतो आणि ‘सिस्टर सांगतील तसे’ ही सवयही तितक्याच चटकन लागते. बीएस्सीत केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा, लिहिताना प्रत्येक कृतीचे कारण द्यावे लागते. पहिल्या रात्रपाळीत मात्र हीच बीएस्सीची मुलगी गांगरते.

हा फरक मला सर्वांत स्पष्ट दिसला तो पोस्ट बेसिक बीएस्सीच्या वर्गात. जीएनएमनंतर करायच्या या २ वर्षांच्या अभ्यासक्रमाला नोकरी केलेल्या सिस्टरही येतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर २ तासांनी का बदलायची, असे मी विचारले, तेव्हा ८ वर्षे वॉर्डात काढलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “इन्चार्ज सिस्टर सांगायच्या म्हणून.” सततच्या दाबामुळे त्वचेचा रक्तपुरवठा कसा तुटतो हे शिकवल्यावर ती चक्क चिडली, एवढी वर्षे हे कुणी सांगितले का नाही, असा तिचा सवाल होता. पुढे वॉर्डात औषधाचे अक्षर लागेना, तेव्हा अंदाज न बांधता तिने डॉक्टरांकडून ती ऑर्डर पुन्हा लिहून घेतली. शेजारच्या बीएस्सीच्या मुली मात्र चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते तिच्याकडूनच शिकत होत्या. (आम्हा शिक्षकांना ते तितके सफाईने जमत नाही, हेही कबूल करतो.)

मुलीला पुढे एमएस्सी करायचे असेल, तर बीएस्सीचा मार्ग सरळ आहे. जीएनएमवरून जाताना आधी पोस्ट बेसिक करावे लागते. परंतु प्रवेशापूर्वी दोन्ही ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे का, त्यातल्या खाटा भरलेल्या असतात का, आणि वॉर्डात शिक्षिका रुग्णाजवळ उभ्या राहून शिकवतात की हजेरी घेऊन निघून जातात, हे त्यांना विचारा.