काकांची यामाहा आरएक्स १०० (जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल) सहा वर्षं बंद होती. मेकॅनिक बोअर-पिस्टन करा म्हणतोय, म्हणजे सिलिंडर कातून मोठा पिस्टन घाला. करू का, की घरी काही बघता येईल?

लगेच करू नका. घरी बघण्यासारखं बरंच आहे, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं बोअर-पिस्टनची वाटत नाहीत.

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात असं : किकला गाडी दाद देत नाही. प्लगच्या भोकात चार थेंब पेट्रोल सोडलं की चालू होते, रेस एकदम वर जाते, गॅस सोडला तरी खाली यायला वेळ लावते आणि मग बंद पडते. प्लगला करंट आहे. किक मारताना पायाला दाब लागतो.

पायाला दाब लागतो म्हणजे वरचं कॉम्प्रेशन बऱ्यापैकी शाबूत आहे. आणि गॅस सोडल्यावरही रेस वरच अडकून राहते म्हणजे इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढतंय. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी पहिला संशय क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांवरच्या रबरी ऑइल सीलवर आणि कार्बोरेटरच्या मागच्या रबरावर घेतो. पिस्टनच्या रिंगा फार नंतर.

टू-स्ट्रोकला हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन वर जाताना खाली क्रँककेसमध्ये पोकळी होते, तिथं रीड व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेनं उघडणाऱ्या पातळ पट्ट्यांतून) पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून (सिलिंडरच्या बाजूच्या वाटेतून) वर ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हासुद्धा एक पंपच आहे, आणि पिचकारीचं वायसर सुकलं की ती जशी पाण्याऐवजी हवा ओढते, तसं सील कडक झालं की हा पंप हवा ओढतो. सहा वर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीत रबराची कड क्रँकला एकाच जागी टेकून कडक होते. मिश्रणात जास्तीची हवा आली की इंजिन जास्त तापतं, आणि अशा अवस्थेत नवीन पिस्टन घातला तर तो नवीन पिस्टनसुद्धा जाम होतो. गावात “बोअर करून महिन्यात परत सीज झाली” अशा तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत सील जुनीच ठेवलेली असतात.

आता क्रमानं. पहिलं म्हणजे किक मारणं थांबवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सोप्यात उभ्या असलेल्या गाडीच्या क्रँककेसमध्येही दमट हवेनं गंज धरतो. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं इंजिन ऑइल) सोडा, एक दिवस राहू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हळू फिरवा. कुठं खरखर लागते, अडकतं का, हे हाताला कळतं. तुमच्या भागात २०१९ किंवा २०२१ चं पुराचं पाणी शिरलं असेल आणि गाडी त्यात उभी असेल, तर मात्र पुढचं सगळं सोडा आणि इंजिन पूर्ण उघडा. पंचगंगेचा गाळ बेअरिंगमध्ये गेला असेल तर वरवरच्या सफाईनं तो निघत नाही.

कॉम्प्रेशन गेज मिळालं तर लावा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून पाच-सहा दमदार किक मारा. काटा १०० पीएसआयच्या वर जात असेल तर हेडला हात लावू नका. बराच खाली राहिला, तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअर झिजलंय, आणि तुमचा मेकॅनिक बरोबर आहे.

करंट आहे म्हणताय, पण तो कसा आहे ते बघा. प्लगची मेटल हेडला टेकवून अंधारात किक मारा. निळा, आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळा-तांबूस असेल तर प्लग आणि प्लगकॅप आधी बदला. हे करताना प्लगच्या भोकाजवळ पेट्रोल सांडलेलं नको. प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. आरएक्सला सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आहे, जुन्या गाड्यांसारखे उघडझाप करणारे पॉइंट नाहीत, त्यामुळं तिथं घासण्यासारखं काही नाही. पुढं कधी गाडी गरम झाल्यावर करंट जाऊन थंड झाल्यावर परत यायला लागला, तर मॅग्नेटच्या (करंट तयार करणाऱ्या फिरत्या चाकाच्या) आतल्या कॉइलवर संशय घ्या. थंड असताना आणि गरम असताना मल्टिमीटरनं ओहम मोजून तुलना करा.

कार्बोरेटर. आरएक्सला मिकुनीचा व्हीएम २० असतो आणि घरी खोलायला याच्याइतकं सोपं काही नाही. सहा वर्षांपूर्वीचं पेट्रोल चेंबरमध्ये सुकून लाखेसारखा थर झालेला असणार. मेन जेट दिसायला मोठं, ते फुंकून साफ होतं. खरी मेख पायलट जेटमध्ये असते. त्याचं भोक इतकं बारीक की उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही, आणि किकवर चालू होणं, स्लो धरणं हे सगळं त्याच्यावर. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मग हवा मारा. फार तर वायरमधली तांब्याची एक तार घाला. लोखंडी तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं झालं की तो जेट गेला. एअर स्क्रू हळूच पूर्ण बसवून दीड फेरा उघडा, तिथून बारीक सेटिंग करा. आरएक्समध्ये हा स्क्रू हवेचा आहे : बाहेर काढला की मिश्रण पातळ (हवा जास्त), आत घातला की दाट (पेट्रोल जास्त).

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, थोडं वाचवायला जाऊ नका. आत गंज असेल तर सायट्रिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी खायच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा आणि लगेच वाळवून आत ऑइल फिरवा, नाहीतर तासाभरात परत तांबूस होते. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आपल्याच भागातल्या उसाचंही त्यात असेल. ते हवेतलं पाणी ओढतं, जुनी रबरं फुगवतं आणि मिश्रण थोडं पातळ करतं. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचं वायसर नवं घाला, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चेंबर रिकामा करा. प्लग पांढरा पडायला लागला तर कार्बोरेटरमधल्या नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं.

आता मुख्य गोष्ट, लीक टेस्ट. ही करणारा मेकॅनिक क्वचित भेटतो, आणि घरी ती जुन्या बीपीच्या मशीननं होते. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा आणि वर जाड पट्टी लावून नट आवळा. कार्बोरेटर काढून त्या रबरी तोंडात घट्ट बूच बसवा, बुचाला भोक पाडून बीपीच्या फुग्याची आणि मीटरची नळी जोडा. टू-टी ऑइलची बारीक नळी तिथं येत असेल तर तीही बंद करा. प्लग जागेवर असू द्या. पिस्टन सगळ्यात खाली आणा आणि फुगा दाबून काटा २५० वर न्या. हे साधारण ५ पीएसआय होतं, याच्या वर नेऊ नका. काटा तिथं थांबला किंवा मिनिटाला ५० पेक्षा कमी उतरला तर इंजिन हवाबंद आहे. धडाधड खाली आला तर साबणाचं पाणी घेऊन शोधा : हेडचा जोड, ब्लॉकच्या खालचं गॅस्केट, रीडचा जोड, मागचं रबर. त्या रबराला दुमडून बघा, वरून चांगलं दिसतं आणि दुमडलं की भेगा उघडतात.

डावीकडचं कव्हर काढून मॅग्नेटच्या मागं फेस येतोय का ते बघा. तिथं बुडबुडे म्हणजे डावं सील गेलं. तुमच्या गाडीच्या लक्षणांवरून मी यावरच पैज लावीन. उजवीकडच्या सीलसाठी गिअर ऑइल टाकायचं बूच उघडून त्याला कान लावा. हवेची सुसू ऐकू आली तर उजवं सील गेलंय. ते गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं, पांढरा दाट धूर मारतं, प्लग ओला काळा करतं आणि गिअर ऑइल कमी होत जातं. पुष्कळ लोक हा धूर बघून रिंगा बदलतात.

आरएक्सचं डावं सील मॅग्नेट काढून बाहेरूनच बदलता येतं. मॅग्नेट काढायला त्याचा पुलर घ्या, हातोडी लावू नका, क्रँकचं टोक वाकतं. मॅग्नेट निघाल्यावर खाचेतली छोटी चावी तपासा, ती कातरली असेल तर टायमिंग सरकलेलं असतं. नवं सील बसवताना कडेला ऑइल लावा. उजवीकडं क्लच आणि प्रायमरी गिअर उतरवावे लागतात. पहिल्यांदाच करत असाल तर एखाद्या जाणत्याला शेजारी बसवा.

मॅग्नेट उघडलंच आहे तर क्रँक धरून वर-खाली जोरात हलवा. वर-खाली खेळ अजिबात नको. कनेक्टिंग रॉडला आडवा थोडा खेळ असतो, त्याला घाबरू नका.

ऑइल पंपाकडं दुर्लक्ष करू नका. आरएक्समध्ये टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपानं जातं. उभ्या गाडीच्या नळीत हवा भरलेली असते, आणि चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं इंजिन कोरडं फिरतं. पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे संपेपर्यंत ऑइल वाहू द्या, थ्रॉटलबरोबर पंपाची केबल हलतेय का बघा. पहिल्या एक-दोन टाक्या पंपाच्या भरवशावर राहू नका, लिटरला २० मिलिलिटर टू-टी पेट्रोलमध्येही घाला. धूर जास्त येईल, येऊ द्या.

सायलेन्सरच्या आतली नळी मागचा बोल्ट काढून बाहेर येते. तिच्यात कार्बन साचला की गाडी वर रेसच घेत नाही आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो. ती जाळून, घासून साफ करा. कॉस्टिक सोडा वापरणार असाल तर फक्त या लोखंडी नळीसाठी. पिस्टन, हेड, ब्लॉक या ॲल्युमिनियमच्या वस्तूंना तो खाऊन टाकतो.

एवढं करून कॉम्प्रेशनच कमी निघालं, तर बोअर करायचंच. त्यासाठी आपल्याला बाहेर जायला नको. शेतीपंपाची ऑइल इंजिनं बनवत वाढलेल्या या गावात, उद्यमनगरात, बोअर करणारे आणि क्रँक प्रेस करून डायलवर सरळ करून देणारे हात आहेत. मीही तिथंच एका मशीन शॉपमध्ये काम करतो, म्हणून हे खात्रीनं लिहितो. फक्त चार गोष्टी आग्रहानं सांगा. आधी पिस्टन विकत घ्या आणि त्याच पिस्टनच्या मापावर बोअर करून घ्या. डब्यावरच्या आकड्यावर नको. ०.२५ च्या साइजमध्ये साफ होत असेल तर उगाच ०.५० वर जाऊ नका, पुढच्या आयुष्यात तेवढे साइज कमी होतात. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा घासून बोथट करून घ्या. हे चारचाकीच्या ब्लॉकवर काम करणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि धारदार कडेला रिंग अडकून तुटते. क्रँक प्रेस केला तर रनआउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) ३ शतांश मिलिमीटरच्या आत आहे हे तुमच्यासमोर डायलवर दाखवायला सांगा. घरी जोडताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडं, रिंगची तोंडं खाचेतल्या पिनवर, आणि पिस्टन पिनच्या चिमट्या नव्या.

रंगाचं म्हणाल तर, मूळ रंग आणि स्टिकर निम्मे जरी शिल्लक असतील तर घासू नका. आरएक्स १०० भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. मूळ रंगातल्या गाड्या आता हाताच्या बोटांवर राहिल्यात, आणि नवा रंग कधीही देता येतो. कागद मात्र खर्च करायच्या आधी बघा. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि गाडी काकांच्याच नावावर असेल तर तेही आधी मिटवा.

गाडी चालू झाली की पहिल्याच दिवशी जोतिबा किंवा पन्हाळ्याचा घाट चढवू नका. रंकाळ्याभोवती, मोकळ्या रस्त्यावर थोडं-थोडं चालवा, मधे थांबवून प्लग काढून बघा : चॉकलेटी हवा. क्लचवर दोन बोटं कायम ठेवा. आवाज बदलून इंजिन ओढल्यासारखं वाटलं की तत्क्षणी क्लच दाबा. आणि नंतर पन्हाळ्यावरून उतरताना गॅस पूर्ण बंद ठेवून खाली येऊ नका. टू-स्ट्रोकला ऑइल गॅसबरोबरच मिळतं, म्हणून उतारावर मधूनमधून गॅस द्या.

मॅग्नेटच्या मागं ओलं, तेलकट दिसलं की कोरडं, आणि बीपीचा काटा मिनिटात किती उतरला, एवढं इथं लिहा. सीलवर भागतंय की क्रँककेस उघडायची, हे त्यावरून सांगता येईल.