पावणेतीन, पावणेतीनशे आणि दशांश चिन्ह

प्रश्न असा आहे: पावणेतीन म्हणजे २.७५, तर पावणेतीनशे म्हणजे २९९.७५ का नाही? आणि २.४ ला ‘सुमारे सव्वादोन’ म्हणावे की ‘सुमारे अडीच’?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्द कुठे तोडायचा यात आहे. पावणे + तीनशे अशी फोड चुकीची. पावणेतीन + शे ही बरोबर. ‘शे’, ‘हजार’, ‘लाख’ ही एकके आहेत आणि पाव, अर्धा, पाऊण हे त्या एककाचे भाग. म्हणून आधी एकक बाजूला काढायचे, उरलेला शब्द दशांशात लिहायचा आणि मग गुणायचे. पावणेतीनशे = २.७५ × १०० = २७५. साडेबाराशे = १२.५ × १०० = १२५०. सव्वादोन लाख = २.२५ × १,००,००० = २,२५,०००. एकक नसेल तर ते १ धरायचे. २९९.७५ सांगायचे असेल तर ‘दोनशे नव्व्याण्णव पूर्णांक तीन चतुर्थांश’ असेच म्हणावे लागते.

पावणेतीन ३.७५ लिहिणे ही चूकही बरीच दिसते. ‘पाऊण’ आणि ‘पावणे’ दोन्ही ‘पादोन’वरून आले, म्हणजे पाद + ऊन, पावाने कमी. सव्वा (सपाद) आणि साडे (सार्ध) पुढच्या संख्येत भर घालतात, पावणे मात्र तिच्यातून वजा करते. अडीचची घडण तर फारच सुंदर आहे: मूळ ‘अर्धतृतीय’, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. साडेतीनसाठीचा जुना ‘औट’ याच रीतीने ‘अर्धचतुर्थ’वरून आला. साडेएक, साडेदोन आपण म्हणत नाही, कारण दीड आणि अडीच यांनी ती जागा आधीच घेतली आहे.

या सगळ्या शब्दांचा छेद २ किंवा ४ असल्यामुळे त्यांचे दशांश रूप दोन स्थळांत संपते. अतिसंक्षिप्त रूपातल्या छेदाला २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव असला की दशांश रूप आवर्ती होते: एक तृतीयांश = ०.३३३… तिथे कुठेतरी थांबावेच लागते.

आता २.४. बोलीत आपण पावाच्या टप्प्यांवर राउंड करतो. त्याची रीत अशी: संख्येला ४ ने गुणा, जवळचा पूर्णांक घ्या, पुन्हा ४ ने भागा. २.४ × ४ = ९.६, जवळचा पूर्णांक १०, आणि १० ÷ ४ = २.५. म्हणून ‘सुमारे अडीच’. सव्वादोन आणि अडीच यांची सीमा २.३७५ आहे, त्यामुळे २.३६ असते तर ‘सुमारे सव्वादोन’ बरोबर ठरले असते.

पण हा ‘सुमारे अडीच’ पुढच्या हिशेबात घ्यायचा नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ३७/१५ = २.४६६… याला कोणी अडीच म्हटले, दुसऱ्याने ते २.५ लिहिले आणि तिसऱ्याने ‘पाच आले, वर जा’ म्हणून ३ केले, तर उत्तर चुकले. मूळ संख्या २.५ पेक्षा लहान आहे, म्हणून जवळचा पूर्णांक २. राउंड एकदाच करायचे, शेवटी आणि मूळ संख्येवरून. नेमके अडीच असेल तरच नियमाचा प्रश्न येतो: शाळेतल्या रीतीने ३, ‘जवळची सम संख्या घ्या’ या रीतीने २. कोणतीही चालेल, पण एका हिशेबात एकच.

वाचनाबद्दलही एक सांगायला हवे. २.२५ ला ‘दोन पॉइंट पंचवीस’ म्हटले की ‘दोन पॉइंट पाच’ त्याहून लहान भासते, कारण कानाला पंचवीस आणि पाच यांची तुलना ऐकू येते. ‘दोन पॉइंट दोन पाच’ असे अंक सुटे वाचा, किंवा ‘दोन पूर्णांक पंचवीस शतांश’ म्हणा. सव्वादोन आणि अडीच म्हटले तर हा घोटाळा होतच नाही.