प्रायोगिक प्रोग्रेसिव्ह मेटल बँडने पहिला अल्बम स्वतःच प्रोड्यूस करावा की बाहेरचा प्रोड्यूसर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तुमचा चौघांचा बँड आहे, गाणी तयार आहेत, गायक अजून ठरलेला नाही आणि पैसे एकाच गोष्टीला पुरतील. एकतर मोठ्या स्टुडिओचं भाडं आणि प्रोड्यूसरची फी, नाहीतर घरी बसून काम करण्यापुरतं सामान. मी ठाण्यात राहतो, स्वतः गिटार वाजवतो आणि छोट्या बँडची गाणी मिक्स करतो, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवतो. माझं मत विचाराल तर प्रोड्यूस, म्हणजे अल्बमचा आवाज आणि मांडणी ठरवण्याचं काम, तुम्हीच करा. खिशात पैसे असते तरीही मी हेच सांगितलं असतं.

याचं आपल्या देशातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे स्कायहार्बर या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा पहिला अल्बम, 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज: इल्यूजन अँड केऑस'. तो २०१२ साली आला, इंग्लंडच्या बेसिक रेकॉर्ड्सकडून. दिल्लीचा केशव धर हा गिटारवादक आधी 'हायड्रोजेंट' या नावाने आपले बिनगाण्याचे ट्रॅक इंटरनेटवर टाकायचा. बँड असा नव्हताच. एक माणूस, एक गिटार, एक कॉम्प्युटर. ते ट्रॅक ऐकून लोक जमत गेले. ड्रमवर अनुप शास्त्री आला, तो अमेरिकेत. बहुतेक गाणी गायली डॅनियल टॉम्पकिन्सने, तो इंग्लंडमध्ये. टेसरॅक्ट या इंग्लिश बँडच्या २०११ च्या 'वन' या पहिल्या अल्बमवरचा आवाज त्याचाच. दोन गाण्यांवर, 'कॅथार्सिस' आणि 'सेलेस्टियल'वर, सोलो वाजवलाय मार्टी फ्रीडमनने. मेगाडेथ या अमेरिकन मेटल बँडमध्ये पूर्वी असलेला तोच फ्रीडमन, आता जपानमध्ये राहणारा. आणि 'केऑस' या छोट्या दुसऱ्या भागावरचा गुरगुराट आहे मुंबईच्या भयानक मौत बँडच्या सुनीत रेवणकरचा. एवढी माणसं, एवढे देश, आणि हे सगळं जोडणारा प्रोड्यूसर मात्र ज्याने रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) लिहिले तोच, केशव धर.

हा अल्बम आजही हेडफोन लावून ऐका. गिटारचा खालचा ठोका आणि त्याच्या वर तरंगणारी स्वच्छ, लांब घुमणारी गिटार, या दोन थरांतच त्या गाण्यांचा जीव आहे. वरच्या गिटारचा डिले (प्रतिध्वनी) किती लांब ठेवायचा, खालचा रिफ किती कोरडा तोडायचा, हे मिक्सिंगच्या टेबलावर शेवटी ठरवण्यासारखं नाही. रिफ सुचला तेव्हाच तो त्या आवाजात सुचलेला असतो. माझ्या आग्रहाचं खरं कारण हेच आहे. या प्रकारच्या संगीतात चाल बांधणं आणि आवाज घडवणं ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत.

हे नीट पटावं म्हणून एक उदाहरण घेतो. समजा तुमच्या रिफमध्ये सात टोले आहेत आणि ड्रमर झांजेवर साधी चारची लय धरून बसलाय. एका बारमध्ये, म्हणजे त्या चारच्या एका आवर्तनात, आठ टोले मावतात, त्यामुळे रिफची प्रत्येक आवृत्ती एक टोला आधी सुरू होते. ५६ टोल्यांनी, बरोबर सात बारनंतर, दोघं समेवर भेटतात. तबला ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना यात नवल वाटायला नको, तिहाई समेवर येताना हाच आनंद असतो. स्वीडनच्या मेशुगा या मेटल बँडवाले बऱ्याचदा सातव्या बारची ती भेट घेऊन थांबत नाहीत. आठ बारची चौकट भरली की शेवटचा तुकडा कापतात आणि सम गाठतात.

आता मिक्समध्ये झांज वर काढा. ऐकणाऱ्याला चारची लय पक्की सापडते, मान हलायला लागते आणि रिफ त्याच्याभोवती डुलतो. तीच झांज खाली घ्या आणि बास ड्रम गिटारच्या सातला चिकटवून वर आणा. जमीनच सरकते, ऐकणारा हरवतो. सूर तेच, ताल तोच, पण गाणी दोन झाली. यातलं कोणतं गाणं तुमचं आहे ते फक्त तुम्हाला माहीत आहे. बाहेरचा प्रोड्यूसर, त्यातही रॉक आणि सिनेसंगीतात मुरलेला, सवयीने पहिलं निवडेल. कधी ते बरोबरही ठरेल. पण तुम्ही दुसरं लिहिलं असेल तर त्याच्या एका फेडरने (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीने) तुमची रचना बदलली.

आणि हे फक्त स्कायहार्बरचं नाही. अमेरिकेच्या पेरिफेरीचा २०१० चा पहिला अल्बम मिशा मन्सूरने असाच घडवला. तोही 'बल्ब' या नावाने वर्षानुवर्षं डेमो टाकत होता. २००९ चा अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्सचा पहिला अल्बम टोसिन अबासीने त्याच मन्सूरबरोबर बसून केला आणि त्यावरचे ड्रम प्रोग्राम केलेले आहेत. खोटे ड्रम म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी मेशुगाच्या २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'कडे बोट दाखवतो. टोमास हाकेसारखा ड्रमर बँडमध्ये असताना त्यांनी तो पूर्ण अल्बम प्रोग्राम केलेल्या ड्रमवर केला. तेव्हा तुमच्या ड्रमरला वाईट वाटू देऊ नका, पण फ्लॅटमध्ये सिमेंटच्या भिंती आणि टाइल्सच्या मधोमध ड्रमकिट मांडून माइक लावायचा हट्ट सोडा. ती घुमणारी खोली तुमच्या प्रत्येक ट्रॅकवर उमटेल आणि नंतर काढता येणार नाही. ड्रमरने इलेक्ट्रॉनिक किटवर वाजवावं, मिडी (कोणता टोला कधी आणि किती जोरात पडला याची नोंद) रेकॉर्ड करावं आणि खऱ्या ड्रमच्या नमुन्यांचे आवाज त्यावर चढवावेत. हात त्याचेच राहतात. शेजारीही सुखी राहतात, हेही काही कमी नाही.

गिटार थेट इंटरफेसमध्ये (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यात) घ्या. अँपचा आवाज नंतर प्लगइनमधून (कॉम्प्युटरवरच्या छोट्या सॉफ्टवेअरमधून) देता येतो आणि हवा तितक्या वेळा बदलता येतो. घरी काम करण्याची ही सगळ्यात मोठी श्रीमंती आहे. स्टुडिओत घड्याळाकडे बघत एक टोन पक्का करावा लागतो. घरी तुम्ही आज वाजवून महिन्याने ठरवू शकता. मात्र तारा नव्या हव्यात, गिटारचं इंटोनेशन (दांडीवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) नीट करून घेतलेलं हवं आणि प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग तपासायचं, कारण जाड तारेवर उजवा हात जोरात पडला की सूर वर चढतो आणि डाव्या आणि उजव्या स्पीकरमधल्या गिटार एकमेकींशी भांडायला लागतात. ते भांडण कोणत्याही प्लगइनने मिटत नाही.

नवे बँड सगळ्यात जास्त अडखळतात ते खालच्या पट्टीत. सात तारांच्या गिटारची सगळ्यात खालची बी ही तार साधारण ६२ हर्ट्झवर वाजते. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ हर्ट्झवर, आणि बेस गिटारच्या खालच्या सप्तकात उतरवलात तर ३१ हर्ट्झवर. बास ड्रमचा धप्पकाही याच गल्लीत. तिघांना एकाच ठिकाणी जागा हवी असते, म्हणून कोणालाच मिळत नाही आणि नुसता चिखल ऐकू येतो. मी गिटारमधून ९०-१०० हर्ट्झच्या खालचं बरंचसं कापतो आणि ते वजन बेसला देतो. एकटी गिटार लावलीत तर ती अशी पातळ वाटेल की तुमचा गिटारवादक नाराज होईल. त्याला ती एकटी ऐकवूच नका. बेसबरोबर ऐकवा. ज्याला आपण 'गिटारचा जाड आवाज' म्हणतो त्यातला मोठा भाग बेसचा असतो, विशेषतः त्याच्या वरच्या खरखरीचा, कारण ३१ हर्ट्झ मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तेवढीच महत्त्वाची वाटते. स्वतः प्रोड्यूस करणं म्हणजे एकट्याने करणं नव्हे. धरने गाणी बांधली, पण वरची चाल दुसऱ्याच देशात बसलेल्या टॉम्पकिन्सच्या गळ्यातून आली. त्या गुंतागुंतीच्या रिफवर तो रिफच्या मागे धावत नाही, लांब, सावकाश सूर धरतो. सात-आठच्या गणितात हरवलेल्या माणसाला धरायला काहीतरी मिळतं. बँडमधल्या कोणीही ती चाल तशी लिहिली असती असं मला वाटत नाही, कारण रिफ लिहिणाऱ्याच्या डोक्यात रिफच वाजत असतो. तुमचा गायक ठरलेला नाही ही अडचण नसून संधी आहे. पूर्ण झालेले ट्रॅक दोन-तीन गायकांना पाठवा, चाल सुचवू नका, आणि काय परत येतं ते बघा. गायक पुण्यातलाच हवा असं मुळीच नाही.

बाहेरच्या कानाची उणीव कुठे भासते तेही याच अल्बमवर दिसतं. 'केऑस' भागातली तीन गाणी मला स्वतंत्रपणे फार आवडतात, सुनीतचा आवाज त्या रिफना शोभतोच. पण 'ऑरोरा'ने 'इल्यूजन' भाग संपतो तेव्हा माझ्यासाठी अल्बम पूर्ण झालेला असतो. पुढची तीन गाणी वेगळ्या ईपीवर (मोजक्या गाण्यांच्या छोट्या अल्बमवर) अजून उठून दिसली असती. अशा वेळी 'हे इथे नको' म्हणणारा कोणीतरी लागतो. तो प्रोड्यूसरच असायला हवा असं नाही. तुमच्या संगीताची आवड असलेला, पण तुमच्या बँडमध्ये नसलेला एक माणूस शोधा. त्याला मिक्स नव्हे, डेमो ऐकवा, आणि कुठे लक्ष उडालं तेवढंच विचारा. तो जिथे बोट ठेवेल तिथले चार बार कापून बघा. प्रायोगिक संगीत करणाऱ्यांना लांबीचा मोह फार असतो. प्रयोग लांबीत नसतो हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बँडला सांगतो.

पुढे काय होतं हा तुमचा शेवटचा प्रश्न. घरात बनलेलं संगीत स्टेजवर उभं राहतं का? राहतं, पण माणसं लागतात. स्कायहार्बरला पुढे मुंबईच्या गॉडेस गॅग्डमधले देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी मिळाले, तेव्हा तो पूर्ण अर्थाने बँड झाला. २०१४ चा 'गायडिंग लाइट्स' ऐकलात की फरक कळेल. गाणी जास्त मोकळी आहेत, वाद्यं एकमेकांचं ऐकतात. तुम्ही चौघं आधीपासूनच एकत्र आहात, म्हणजे या बाबतीत तुम्ही दोन पावलं पुढे आहात. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी सगळी गाणी क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) जॅमरूममध्ये वाजवून घ्या. जो भाग चौघांना मिळून वाजवता येत नाही तो कॉम्प्युटरवर तुकडे जोडून रेकॉर्ड करू नका.

पैशांचं म्हणाल तर ते असे लावा. एक बरा इंटरफेस, विश्वासाचे हेडफोन, गिटार सेटअपला देण्याचा खर्च, आणि खोलीच्या कोपऱ्यांत व भिंतींवर लावायला रॉकवूलचे जाड पॅनेल. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी खालचा आवाज अजिबात थांबत नाही. उरलेले पैसे राखून ठेवा आणि मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, मात्र बाहेर द्या, ज्याने तुमची गाणी आधी कधीच ऐकली नाहीत अशा माणसाकडे. त्याला मिक्स पाठवताना मास्टर चॅनेलवरचा लिमिटर (आवाज एका पातळीवर अडवणारा प्लगइन) काढा, कमाल पातळीच्या खाली थोडी मोकळी जागा सोडा, आणि सोबत तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या अल्बमचं नाव द्या. मिक्स तयार झाले की इथेच लिंक टाका, मी नक्की ऐकेन.