अडुळशाच्या पाल्यात फळे पिकवावीत, पुडी व बाटली दूर ठेवावी

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमची केळी व केशर आंबा आहे. आजोबांपासून अडुळशाचा पाला घालून फळे पिकवतो. पाला वाढवल्यास फळ लवकर पिकेल का? दुकानदार कार्बाईडची पुडी किंवा इथेफॉन या रसायनाचे पाणी वापरण्यास सांगतात.

उत्तर : आपली पद्धत योग्य आहे, ती सोडू नये. कोमेजणारा पाला फळ पिकवणारा इथिलीन वायू थोडा सोडतो, फळ स्वतःही तोच वायू तयार करते आणि आढीत, म्हणजे पेंढ्या-पाल्यात रचलेल्या फळांच्या थरांत, तो उबेसह फळाभोवती टिकून राहतो. मात्र पाला दुप्पट केल्याने फळ निम्म्या वेळात पिकत नाही. हिरव्या पाल्याचा जाड थर तापतो, त्याला घाम सुटतो आणि देठाकडून कूज सुरू होते. पाला वाढवून आढी नासल्याची तक्रार दर हंगामात येते. खाली वीतभर कोरडा भाताचा पेंढा, त्यावर आंब्याचे दोन थर आणि मध्ये पाल्याचा विरळ थर एवढे पुरे. पाला फवारणी न झालेल्या झाडाचा, पाणी निथळलेला असावा. एखाद-दुसरे पिकलेले फळ मध्ये ठेवल्यास त्याचाही उपयोग होतो. वरून प्लॅस्टिकचा कागद घालू नये, कारण फळाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आत कोंडून पिकण्याची क्रिया मंदावते. आढी रोज सकाळी उघडून पाहावी आणि डागी फळ लगेच काढावे.

बहुतेक वेळा बिघाड आढीत नव्हे, तोडणीतच झालेला असतो. भाव चढा आहे म्हणून कोवळा आंबा उतरवला, तर कोणत्याही पाल्याने त्याला गोडी येत नाही. देठाजवळ खळगा पडून खांदे भरलेले, पाण्यात बुडणारे फळच देठासह काढावे. केळाच्या धारा (उभ्या कडा) गोलसर झाल्यावरच घड कापावा. कडक उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत केळी ठेवू नये. तीस अंशांच्या वर गर मऊ पडतो, पण साल हिरवीच राहते.

आता दुकानदाराच्या सल्ल्याविषयी. कार्बाईड वापरू नये. ओलावा लागताच त्यातून ज्वलनशील ॲसिटिलीन वायू निघतो, त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात आणि फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर २०११ च्या अन्नसुरक्षा नियमनांनुसार बंदी आहे. साल पिवळी होते, गर आंबटच राहतो. पुडी कागदात बांधून ठेवली तरी तो कार्बाईडच आहे, हे दुकानदाराला ठणकावून सांगावे. इथेफॉनचेही तसेच. आटपाडी, जतकडे डाळिंबाच्या पानगळीसाठी आणलेली बाटली घरात असते आणि तीच पाण्यात ओतून केळीच्या फण्या बुडवल्या जातात. हे करू नये. फळे पिकवताना इथेफॉनला मान्यता आहे ती केवळ इथिलीन वायूचा स्रोत म्हणून. त्याचे द्रावण फळाला लागता कामा नये. मात्रा कमी ठेवली, नंतर फळ धुतले, ही सबब चालत नाही.

माल मोठा असल्यास इथिलीन वायूच्या रायपनिंग चेंबरचा, म्हणजे फळे पिकवण्याच्या बंद खोलीचा, विचार करावा. तेथे वायूचे प्रमाण दशलक्षात १०० भागांपर्यंतच ठेवण्याची मर्यादा आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून त्यासाठी कर्जाशी निगडित अनुदान आहे. अटी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पाहाव्यात.

हाच पाला द्राक्षाला किंवा डाळिंबाला घालून पाहू नये. ती फळे तोडल्यानंतर पिकत नाहीत, त्यामुळे त्यांची गोडी वेलीवर अथवा झाडावरच भरू द्यावी.