फ्रान्समधल्या छोट्या खेड्यात राहायला गेलं तर माणूस एकटा पडतो का?

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यात, रोदेझपासून पाऊण तासावरच्या एका खेड्यात तीन वर्षं राहिलो. वस्ती जेमतेम अडीचशे. पहिले दोन महिने खरंच एकटं वाटलं. पुढे नाही वाटलं, ते पावाच्या गाडीमुळे.

गावातली बेकरी आम्ही यायच्या आधीच बंद पडली होती. शेजारच्या गावचा बेकरीवाला आठवड्यातून चार दिवस गाडी घेऊन यायचा आणि चर्चपाशी थांबून दोनदा हॉर्न वाजवायचा. की निळ्या झडपांची दारं उघडायची आणि दहाबारा माणसं जमायची. पहिल्या दिवशी मी पुढे होऊन थेट 'बागेत', म्हणजे तिथला लांब पाव, मागितला. सगळे गप्प. मागच्या आजींनी हळूच सांगितलं, "आधी बाँजूर म्हणायचं." तिथे बाँजूर, म्हणजे नमस्कार, न म्हणता बोलणं म्हणजे चपला घालून देवघरात शिरणं. पुढे एकदा तापाने पडले, दोन दिवस गाडीपाशी गेले नाही, तर त्याच आजी सुपाचं पातेलं घेऊन दारात उभ्या. तीन वर्षं आम्ही एकमेकींना 'व्हू' म्हणजे अहोजाहोच करत राहिलो. माया त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही.

फ्रान्समध्ये अशी जवळपास 35 हजार गावं-शहरं आहेत, निम्म्याहून जास्त ठिकाणी पाचशेसुद्धा लोक नाहीत, तरी प्रत्येकाला स्वतःचा मेर, म्हणजे आपला सरपंच, असतो. आमचे मेर मेंढ्या पाळायचे. दूध रोकफोर चीजसाठी जायचं. कागदपत्रं अडली की लोक त्यांना गोठ्यातच गाठायचे.

गाव मला खरं कळलं ते 11 नोव्हेंबरला. पहिलं महायुद्ध 1918 साली त्या दिवशी थांबलं. चौकातल्या स्मारकावर तेवीस नावं कोरलेली आहेत, त्यात एकच आडनाव तीनदा. मेर एकेक नाव वाचत होते आणि शाळेतली पोरं प्रत्येक नावानंतर "मोर पूर ला फ्राँस", फ्रान्ससाठी मरण पावला, म्हणत होती. त्या आडनावाच्या घरातलं कोणीच आता गावात राहत नाही. थंडीने बोटं बधिर झाली होती, पण एकही माणूस जागचा हलला नाही.

अडचणीही सांगते. डॉक्टर पंचवीस किलोमीटरवर, बस फक्त शाळेच्या वेळेला. मुलं कमी झाली की शाळेचा वर्ग बंद व्हायची टांगती तलवार दरवर्षी असतेच. शहरातून आलेले काही जण कोंबड्याच्या आरवण्याबद्दलही तक्रार करतात. प्रकरणं कोर्टात गेली आणि 2021 मध्ये खेड्यातले आवाज आणि वास हा तिथला वारसा आहे, असा कायदाच झाला. मला तो मनापासून पटतो. चर्चची घंटा आणि शेणाचा वास नको असेल तर खेड्यात जाऊच नये.

तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी गाडी चालवायला शिका. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मेरांच्या कचेरीत जाऊन आपलं नाव सांगून या. आणि हॉर्न वाजला की घरात पाव असला तरी बाहेर पडा.