पावसाळ्यात बोट वर काढल्यावर बॅटऱ्या कशा सांभाळाव्यात?

तुमचा प्रश्न असा: बोट हर्णैला, मासेमारी बंदीच्या काळात बॅटऱ्या बोटीतच राहतात आणि ऑगस्टमध्ये इंजिन स्टार्ट होत नाही. परदेशी व्हिडिओत थंडीत त्या काढून ठेवायला सांगतात, ते आपल्याला लागू आहे का?

काढून ठेवायचं लागू आहे, कारण मात्र वेगळं. तिकडे चार्ज उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पातळ होऊन गोठतं, डबा फुटतो. आपल्याला उकाडा नडतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आणि उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते मग चार्जिंगनेही निघत नाही. 1 जून ते 31 जुलै, हे बंदीचे 61 दिवस बॅटरी बंद राहिली म्हणून मरत नाही. उतरलेली राहिली म्हणून मरते.

हे मी भोगलंय. देवगडला आमची बोट झापांनी नीट शाकारलेली होती, पण तळाचं बूच काढायचं राहिलं. पावसाचं पाणी आत साचलं, फ्लोटचा पंप आपोआप सुरू झाला आणि दोन्ही बॅटऱ्या पिऊन बसला. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर झाकणं उघडून आत टॉर्च मारला, तर प्लेटांवर चुन्याचा हात फिरवावा तसा पांढरा थर. 150 अँपिअर-अवरच्या दोन्ही भंगारात गेल्या. डिझेल-बर्फाला ठेवलेले पैसे तिथे गेले. वडील त्या दिवशी जेवायलाही उशिरा आले.

म्हणून बोट वर ओढली त्याच दिवशी बॅटऱ्या घरी आणा. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. झाकणं घट्ट लावून वरचा खार ओल्या फडक्याने पुसून काढा. त्या ओलसर थरातूनही करंट झिरपत राहतो. टर्मिनलवरची बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते, फक्त ते पाणी आत जाऊ देऊ नका. मग पूर्ण चार्ज करा. 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 15 अँपिअरपेक्षा जास्त करंट नको. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर. विहिरीचं नको, ॲसिड तर मुळीच नको.

चार्ज होताना हायड्रोजन निघतो. त्यामुळे पडवीत ठेवा, चुलीपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं जुनी माणसं सांगतात. आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना ते लागू नाही. तरी ओल लागू नये म्हणून खाली फळी घाला.

चार्जर काढून रात्रभर ठेवल्यावर मीटरवर 12.6 व्होल्ट किंवा थोडं जास्त दिसायला हवं. दर पंधरवड्याला बघा. 12.4 झालं की पुन्हा चार्ज. 24 व्होल्टच्या जोडीतल्या दोन्ही वेगवेगळ्या चार्ज करा, म्हणजे कमजोर कोणती ते कळतं. लिथियमची असेल तर पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्याच्या थोडी वर पुरे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बॅटरीवाल्याकडून सहाही कप्प्यांचं ॲसिड हायड्रोमीटरने, म्हणजे घनता मोजायच्या नळीने, तपासून घ्या. एकाच कप्प्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा 0.050 ने खाली असेल तर ती बॅटरी तेव्हाच बदला. पहिल्याच फेरीला तुमचे खलाशी किनाऱ्यापासून लांब असताना इंजिन उठलं नाही, तर वारा कुठे नेईल सांगता येत नाही.